बावीस कड्या

प्रिय लंबू,

माझं अक्षर पाकिटावर बघून तू नको तेच मनात आणशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते, बाबा आहेत. आहेत म्हणजे दोन वेळा चार-चार घास खातात, हाक मारली तर ओ देतात. बाकी कसे आहेत ते सांगायला हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतोस, मग मी चिडते आणि शेवटी आपण हवेबिवेवर बोलून फोन ठेवतो. गेल्या महिन्यात तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, बाबा मजेत आहेत, नवीन घर त्यांना फार आवडलंय. धडधडीत खोटं होतं ते. इतक्या सराईतपणे बोलले की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

नवीन घर म्हणजे आपला गोठा. तो मी राहण्याजोगा करून घेतेय हे तुला ओझरतं सांगितलं होतं, तू फक्त 'बरं' म्हणाला होतास. तू गेलास त्याला अकरा वर्षं झाली. गाई विकल्या त्याला नऊ. त्यानंतर गोठ्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. छपराची कौलं एकेक करत घसरली, माळ्यावर कबुतरांनी संसार थाटला, पूर्वेकडच्या भिंतीतून मनगटाएवढ्या खोडाचं झाड वर आलं. जुन्या इमारतींची नोंद करणारे एक साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, शंभरावर वर्षांचं बांधकाम आहे, दगड अजून एक रेघ हललेला नाही, पण आणखी चार वर्षं असंच ठेवलंत तर छप्पर खाली येईल आणि मग भिंतींना काही अर्थ राहणार नाही. बाहेरचं रूप बदलायचं नाही, आत काय हवं ते करा. मी त्याच दिवशी ठरवलं. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरून तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि जुन्या घराच्या सतरा पायऱ्या उतरताना ते रोज मला एक नवीन धडकी भरवत होते. गोठा एकमजली, जमिनीलगतचा, लांबलचक. म्हटलं, आंधळ्या माणसाला याच्याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

आणि काम मी खरंच छान करून घेतलं रे. तुला माहीत आहे, मी एकदा हातात घेतलं की कुणाला दम खाऊ देत नाही. गवंडीमामा माझ्यावर वैतागून दोनदा काम सोडून गेले आणि दोनदा स्वतःच परत आले. हा माणूस जुन्या पद्धतीचा चुना स्वतः भिजवतो, महिनाभर मुरवतो, मगच भिंतीला लावतो. या भिंतींना सिमेंट लावलंत तर आत ओल कोंडेल आणि दहा वर्षांत दगड सोलून निघतील, असं त्यांनी सांगितलं आणि मी मुकाट ऐकलं. तुळया सगळ्या जुन्याच ठेवल्या, फक्त दोन टोकं कुजली होती तिथे नवीन लाकूड जोडलं. गव्हाणी काढल्या. मधली नाली बुजवून सगळी फरशी एका पातळीत आणली, कुठे उंबरठा म्हणून ठेवला नाही. भिंतींचे कोपरे गोल केले, म्हणजे आपटले तरी लागू नये. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. गिलावा असा गुळगुळीत करून घेतला की गाल घासावा. लोक मुद्दाम बघायला यायचे, आणि मी त्यांना हात लावून बघा, हात लावून बघा, असं सांगत फिरायचे.

आता कड्यांचं सांगते. तुला अंदाज आलाच असेल.

गाई बांधायच्या, भिंतीत रोवलेल्या दावणीच्या बावीस कड्या होत्या, डावीकडे अकरा, उजवीकडे अकरा. गाई गेल्यावरही बाबा रोज सकाळी न चुकता गोठ्यात जायचे. आम्हाला वाटायचं, सवय. पण डोळे जात चालले तसे ते तिथे जास्तच वेळ काढायला लागले. एक दिवस मी दारात उभी राहून पाहिलं. डावा हात भिंतीवर ठेवून चालत होते, कडी लागली की जरा थांबायचे, बोटांनी ती फिरवायचे, पुढे जायचे. टोकाला जाऊन वळले आणि उजव्या भिंतीने परत आले, घरात चाचपडणारा माणूस तिथे भरभर चालत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला काय दिसलं, तर भिंतीतून बाहेर आलेलं बावीस ठिकाणचं लोखंड. त्याच आठवड्यात एका कडीने त्यांचं कोपर फाडलं, सहा टाके पडले. झालं, माझं ठरलं. गवंडीमामांनी विचारलं, कड्या राहू द्यायच्या का, जुन्या कामाची शोभा आहे. मी म्हटलं, शोभा तुमच्या घरी न्या. त्या शिसं ओतून बसवलेल्या होत्या, पहारीने एकेक उपटायला दोन दिवस लागले. भोकं दगड-चुन्याने बुजवली, वरून गिलावा. कड्या मी भंगारातच घालणार होते. तुझ्या भाऊजींनी मला न सांगता पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या, मला ते मागाहून कळलं, म्हणून आहेत.

काम चालू असताना बाबांना मी आत येऊ दिलं नाही. राडारोडा होता, ते खरंच. अधूनमधून ते विचारायचे, कड्या आहेत ना? मी म्हणायचे, आहेत. पोत्यात आहेत हे सांगितलं नाही.

सहा आठवड्यांपूर्वी आम्ही राहायला आलो. बाबांना मी हात धरून आत आणलं, सगळीकडे फिरवलं. ते भिंतीवर हात फिरवत होते. मला वाटलं, भरून आलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर ते खाटेवर नव्हते. मोठ्या खोलीच्या मधोमध दोन्ही हात पुढे करून उभे होते. पायजमा ओला झाला होता. न्हाणीघर तिथून दहा पावलांवर, माझे ते दांडे लावलेलं. किती वेळ उभे होते कोण जाणे, पाय थरथरत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "मला घरी ने." मी म्हटलं, बाबा, हेच घर आहे, हा आपला गोठा. तर म्हणाले, "गोठा मला माहीत आहे. हा नाही."

तेव्हापासून ते खाटेवरून उठत नाहीत. उठवलं तर उठतात, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून चार पावलं येतात आणि थांबतात. मी दोरी बांधून बघितली, धरून चालतील म्हणून. दोरी हातात घेतली आणि म्हणाले, मला बांधलंस का? सोडून टाकली मी. खाटेशेजारच्या भिंतीवर एकाच जागी दिवसभर बोटं फिरवत असतात. तिथला चुना चकचकीत झालाय आणि बोटांना चिरा पडल्यात. मलम लावते, पुन्हा तेच. जेवण निम्म्यावर आलंय. डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, शरीरात काही बिघाड नाही, पण माणूस असा पडून राहिला तर छातीत पाणी धरेल, हे चालले नाहीत तर थंडी काढतील असं मी म्हणणार नाही. तू मला ओळखतोस, मी डॉक्टरांशीही वाद घालणारी. या वेळी त्यांची बॅग उचलून दारापर्यंत सोडायला गेले. थंडीला दोन महिने उरलेत.

मग मला ते पोतं आठवलं. भाऊजींनी माळ्यावरून काढून दिलं. मी ते बाबांच्या खाटेवर ओतलं. काय सांगू तुला, चेहरा बदलला रे त्यांचा. एकेक कडी हातात घ्यायचे, अंगठा फिरवायचे आणि नाव घ्यायचे. ही लंगडीची, ही खादाडबाईची, एका बाजूने झिजलीय बघ, सारखी मान ओढायची. ही पिळाची, शिंगमोडीची. आणि आत्याबाई आठवते तुला, जी कुणालाही लाथ मारायची? तिची कडी दुप्पट जाड, ती त्यांनी वासाने ओळखली असती. बावीसच्या बावीस. मी आनंदाने वेडी झाले. म्हटलं, बाबा, आता ओळीने सांगा, दारापासून पहिली कुणाची? ते सांगायला लागले, मी कागदावर लिहीत होते. चौथीपर्यंत गेले. पाचवीला अडखळले. मग दोघींची अदलाबदल केली, मग परत पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी तिसरीलाच चुकले. मी म्हटलं, आठवून बघा. तेव्हा म्हणाले, "हाताला माहीत आहे. मला नाही." आणि रडले. बाबांना रडताना तू कधी पाहिलं नाहीस, मीही नव्हतं पाहिलं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. सगळ्या कड्या खाली लोटून दिल्या त्यांनी. फरशी एका ठिकाणी फुटली. फुटू दे.

तरी मी गप्प बसले नाही. गवंडीमामांना बोलावून दाराजवळ एक कडी बसवून घेतली, लंगडीची, पहिली तीच म्हणाले होते ना. माझ्या आठवणीने जागा दाखवली. बाबांना धरून तिथे नेलं. हात लावला, कडी फिरवली, मग हात वर-खाली करून पाहिला, दाराकडे एकदा, आत एकदा, आणि म्हणाले, ही इथली नाही. परत खाटेवर. गवंडीमामांनी हातोडी खाली ठेवली. ते म्हणाले, बाई, अंदाजाने भोकं पाडायला सांगाल तर तेही करीन, पण बावीस कड्यांच्या नादात भिंतीची चाळण होईल आणि म्हाताऱ्याचा उरलासुरला विश्वासही जाईल. ज्याला माहीत आहे त्याला विचारा. मी फोटो शोधले. एका फोटोत माझं लग्न झालेलं दिसतं, कड्या दिसत नाहीत. नोंद करणाऱ्या साहेबांनी काढलेल्या नकाशात फक्त दारं-खिडक्या आहेत. गिलाव्याखाली कुठे काय बुजवलं ते मीच इतकं नीट करून घेतलंय की आता शोधायचं तर सगळी भिंत सोलावी लागेल, आणि तरी कुठल्या भोकात कुणाची कडी ते कळणार नाहीच.

ज्याला माहीत आहे तो तू आहेस. तुझ्या डोळ्यांवर आईचा रुमाल बांधून बाबा तुला गोठ्यात तीन गिरक्या द्यायचे आणि कुठेही नेऊन उभं करायचे. तू हात लांब करून कडी शोधायचास आणि गाईचं नाव सांगायचास, मग तिथून न अडखळता दारापर्यंत यायचास. एकदाही चुकला नाहीस. बाबा हसून लोळायचे, येईल त्याला तुझं कौतुक सांगायचे. मी तो खेळ एकदाच खेळले. सरळ नालीत पडले, नको त्यात तोंड बुडालं, आणि तुम्ही दोघं इतके हसलात की मी परत कधी गोठ्यात डोळे बांधून उभी राहिले नाही. म्हणून मला माहीत नाही. आता कळतंय, तो खेळ बाबांनी तुला शिकवला आणि म्हातारपणी स्वतःच खेळत बसले, आणि मी पहारीने त्यांचा डाव मोडला. त्यांना लागू नये म्हणून. देवाशपथ, फक्त त्यांना लागू नये म्हणून.

तू म्हणशील, एवढंच होतं तर फोनवर विचारायचंस, मी सांगितलं असतं. सांगितलं असतंस, माहीत आहे मला. तुम्ही दोघं एकाच मातीचे. तू म्हणालास की गाईंच्या शेपट्यांमागे जन्म काढणार नाही, ते म्हणाले की मग या दारात पाय ठेवू नकोस, आणि अकरा वर्षं तू ठेवला नाहीस. पण बहिणीने कड्या विचारल्या असत्या तर तू कागदावर काढून पाठवल्या असत्यास. मला ते नको आहे. कागदावरून बसवलेली कडी एखादी बोटभर इकडेतिकडे होईल आणि ते पुन्हा म्हणतील, ही इथली नाही. तो शब्द मला आता सोसवणार नाही. कुणीतरी डोळे मिटून त्या भिंतीने चालायला हवं, बाबांना हाताशी घेऊन. पण ये म्हणायचा मला हक्क आहे का, हे तू पुढचं वाचून ठरव.

दोन वर्षांपूर्वी, काम सुरू व्हायच्या आधी, बाबांना अजून सावल्या दिसत होत्या तेव्हा, ते गोठ्याच्या दारात बसले होते. मला बोलावून म्हणाले, "लंबूला पत्र लिही. म्हणावं, गोठ्याला कुणी हात लावायच्या आधी ये. कुठलं काय ठेवायचं ते त्याला कळेल. आणि म्हणावं, मी बोललो ते विसर." मी बसले लिहायला. प्रिय लंबू एवढं लिहिलं. आणि माझ्या मनात आलं, तेव्हा नऊ वर्षं यांचं सगळं मी करतेय, दिवसातून तीनदा डोळ्यांत थेंब मी घालते, कोपराचे टाके मी काढवून आणले, गोठा वाचवायचं मी ठरवलं, आणि विचारायचं मात्र तुला. तू येशील, कडी धरून उभा राहशील, दोघं हसाल, आणि मी पुन्हा नालीत. मी तो कागद फाडला. महिन्याने बाबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. ते म्हणाले, मीच सांगितलं होतं ना पाय ठेवू नकोस म्हणून, ऐकतोय तो. त्यानंतर त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. दोन वर्षं ते समजून चाललेत की त्यांनी माफी मागितली आणि तू ती घेतली नाहीस. आणि तू समजून चाललायस की त्यांनी कधी मागितलीच नाही. मध्ये मी उभी आहे. लंबू, मला शिव्या घाल, आयुष्यभर बोलू नकोस, पण ये.

इथवर लिहून झाल्यावर मी आत गेले आणि बाबांच्या खाटेशी बसून हे सगळं पत्र त्यांना वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून, फाडलेल्या कागदासकट. वाचताना वर बघायची माझी छाती झाली नाही, आंधळ्या माणसाकडेसुद्धा. वाचून झालं तरी ते बराच वेळ भिंतीवर बोटं फिरवत राहिले. रागावले नाहीत, रडले नाहीत. मग बोटं थांबली. त्यांनी विचारलं, टाकलंस का? मी म्हटलं, नाही, आत्ताच लिहून झालंय. तर म्हणाले, "मग टाक. या वेळी खरंच टाक."

तुझी वाट बघणारी, तुझीच
ताई